हात धुवा, पण नळाचं विचारू नका

हवा कुणाच्या बापाची? ह्या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टानं ९ फेब्रुवारी १९९५ला देऊन ठेवलंय. तंटा बड्या लोकांचा होता. बंगालच्या क्रिकेट असोसिएशनचे सामने कुणी दाखवायचे आणि त्यातला पैसा कुणी खायचा, एवढंच भांडण. पण निकालात आपल्या कामाची गोष्ट आली. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि शेठजीचीही नाही. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हेच सावंत पुढं ३१ डिसेंबर २०१७च्या, शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेच्या निमंत्रकांतले. तर मलबार हिलच्या माणसाची जेवढी हवा, तेवढीच उकिरड्याशेजारच्या झोपडीची. कागदावर.

कागदावर आपलं काय नाही? विहीर आपली, तळं आपलं, देऊळ आपलं, स्मशान आपलं. आता लहरीसुद्धा आपल्या. तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली महाडला जावं लागलं. ह्या लहरींसाठी कुठं जायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

निकालानंतर सात वर्षं सरकार ढिम्म. डिसेंबर २००२ला दार जरासं किलकिलं केलं, ते विद्यापीठं आणि शिक्षणसंस्थांसाठी. म्हणजे ज्यांच्याकडं आधीच फळा, खडू, स्टेज आणि माइक होता, त्यांना अजून एक माइक. संस्था-संघटनांना लायसन मिळायला लागलं ते नोव्हेंबर २००६च्या धोरणानंतर. त्याला नाव दिलं कम्युनिटी रेडिओ. सरकारी मराठीत सामुदायिक रेडिओ. आपल्या देशात समुदाय म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कुठला? तो प्रश्न धोरणानं विचारला नाही. संस्था नोंदलेली पाहिजे, तिला तीन वर्षं झालेली पाहिजेत, आणि राजकीय पक्ष किंवा पक्षाशी जोडलेली युनियन, विद्यार्थी आघाडी, महिला आघाडी चालणार नाही. ताकद शंभर वॅट. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. खांब फार तर तीस मीटर. आवाज पाच-दहा किलोमीटरवर दमणार.

त्याच २००६ साली बिहारच्या वैशाली जिल्ह्यात, मन्सूरपूरला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गरीब पोराचं केंद्र सरकारनं बंद पाडलं. पन्नासेक रुपयांच्या सामानात त्यानं ट्रान्समीटर जोडला होता, अँटेना बांबूला बांधली होती. गाणी लावायचा, एड्स आणि पोलिओची माहिती सांगायचा, हरवलेल्या पोरांचा पुकारा करायचा. पंचक्रोशी ऐकायची. त्याच्याकडं लायसन नव्हतं. त्याच्याकडं फक्त समुदाय होता.

आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. आरोग्यावर चर्चा होतात, रोजगारावर होतात, कचरा-पाणी-रस्ता ह्यांवर होतात. फोन घेतात, पाहुणे बोलावतात. आपल्यातले पुष्कळ दोस्त म्हणतात, चांगलंय की, निदान सिनेमाची गाणी आणि आर.जे.चं खिदळणं तरी नाही. मी ह्या चर्चा वर्ष-दीड वर्ष नेमानं ऐकल्यात, दोनदा जाऊन बसलोयसुद्धा. माझं म्हणणं असं की ह्या चर्चांतून आपल्याला आपल्याच आजाराचा, आपल्याच भुकेचा आरोपी करून पिंजऱ्यात उभं केलं जातं. अगदी गोड आवाजात.

कसं ते सांगतो. एका केंद्रावर क्षयरोगावर कार्यक्रम होता. केंद्राचं नाव लिहीत नाही, भांडण एका केंद्राशी नाही. आमच्या वस्तीतून मी आणि एक मावशी गेलो होतो. मावशीच्या घरात दोघं टीबीनं आजारी, एक पोरगी औषधाच्या चौथ्या महिन्यात. स्टुडिओ गारेगार, भिंतीला फोम, टेबलावर बिस्लेरी. निवेदिका बाई प्रेमळ. त्यांनी आधी मावशीला शिकवलं, ‘पानी’ नाही म्हणायचं, ‘पाणी’ म्हणायचं. तीनदा म्हणून घेतलं. मग डॉक्टर बोलले. खोकताना तोंडावर रुमाल धरा, औषध मधेच सोडू नका, अंडी-डाळी खा, घरात ऊन आणि वारा खेळू द्या. खोटं त्यात एक अक्षर नाही. मग मावशीला विचारलं, तुम्हाला काय प्रश्न आहे? मावशी म्हणाली, “डॉक्टरसायब, ऊन घ्या म्हन्ता, ते कुठल्या मजल्यावर भेटतं? आमच्या खिडकीतून हात काढला तर पलीकडच्या बिल्डिंगीच्या भिताडाला लागतो.”

स्टुडिओ दोन सेकंद गप्प. डॉक्टरांना हसू आलं, चांगल्या मनानं आलं असेल. निवेदिका म्हणाली, आपण विषयाकडं येऊया.

आता सांगा, विषय कुठं होता? गोवंडी-मानखुर्दला विस्थापितांसाठी बांधलेल्या इमारतींचा, लल्लूभाई कंपाउंडचा, नटवर पारेख कंपाउंडचा अभ्यास झाला, २०१८ साली बाहेर आला. बिल्डिंगा एकमेकींना इतक्या खेटलेल्या की खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, आणि जिथं ऊन-वारा नाही तिथं टीबी जास्त. हे मावशीनं अभ्यास न वाचता एका वाक्यात सांगितलं. नकाशावर सही करणारा अधिकारी आहे, दोन भिंतींमधलं अंतर कमी करून देणारा नियम आहे, त्यातून वाचलेल्या जमिनीवर पैसा करणारा बिल्डर आहे. ते तिघं स्टुडिओत नाहीत. स्टुडिओत आहे मावशी, आणि तिला सांगताहेत की बाई, रुमाल धर. अंडी खा म्हणतात. टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार महिन्याला हजार रुपये देतं, नोव्हेंबर २०२४पर्यंत पाचशेच देत होतं. पाचशेला त्यावेळी दिवसाला किती अंडी पडायची त्याचा हिशेब मावशीला तोंडपाठ होता. तो हिशेब कार्यक्रमात आला नाही. आम्ही दोघं मिळून अकरा मिनिटं बोललो होतो. प्रसारणात मावशीचं एक वाक्य आलं, “डॉक्टरसायबांनी छान माहिती दिली.” ते ती निघताना, बाहेरच्या खोलीत म्हणाली होती. शिष्टाचार म्हणून!

ह्याला ते जनजागृती म्हणतात. ह्या शब्दाची मला शिसारी आहे. जागृती म्हणजे आपण झोपलोय असं गृहीत धरलंय. पहाटे चारला नळाच्या रांगेत हंडा लावणारी बाई झोपलीय, आणि नऊला एसी स्टुडिओत येणारा जागा आहे?

दुसरा प्रसंग कामाचा. नाका कामगारांनी बांधकाम मंडळाकडं नोंदणी करावी, असा विषय. पाहुणे साहेब फार कळकळीचे. नोंदणी करा, पोराला स्कॉलरशिप मिळेल, बाळंतपणाला पैसे मिळतील, फक्त वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणा. नाक्यावरच्या एका गड्यानं फोन लावला. म्हणाला, “साहेब, रोज निराळा मुकादम, रोज निराळी साईट. ज्यानं कालची मजुरी बुडवली त्याच्याकडं मी दाखला मागायला जाऊ का?” साहेब म्हणाले, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा. फोन कट. पुढं हातमोज्यांची माहिती. सफाई कामगारांनी हातमोजे वापरावेत, नाकाला मास्क लावावा. हातमोजे द्यायचे कुणी? कंत्राटदारानं. कंत्राटदाराला कंत्राट कुणी दिलं? महापालिकेनं. ही दोन वाक्यं बोलायला लागतात सहा सेकंद, पण ती बोलली जात नाहीत. बोलली जाते कामगाराची ‘अनास्था’.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या हजारो माणसांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हणण्याची पद्धत पडली, कारण स्वयंसेवकाला पगार नसतो, मानधन असतं. आशा बाईचंही तेच, सरकारी नाव आशा स्वयंसेविका. घरोघरी फिरून सगळं आरोग्यखातं जी पाठीवर वाहते, तिची ‘सेवा’. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं खटला लढवला, तेव्हा कुठं एप्रिल २०१७ला सुप्रीम कोर्टात मुंबईच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायचा निकाल टिकला. हा रोजगाराचा कार्यक्रम झाला असता की नाही? कोण लढलं, हजेरीचे पुरावे कसे जमवले, किती वर्षं लागली, अर्ध्या वाटेत कोण मेलं, हे सगळं. ऐकणाऱ्या पोराच्या हाताला काहीतरी लागलं असतं. त्याऐवजी त्याला शिकवतात बायोडाटा कसा लिहावा.

केंद्रवाल्यांना विचारलं की ते नियम दाखवतात. आणि नियम आहेत, हेही खरं. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. चालू घडामोडी नाहीत, राजकारण नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा वाजवता येतात. हवामान चालतं, परीक्षेचे निकाल चालतात, नोकरीच्या जागा चालतात, वीज-पाण्याच्या सूचना चालतात, साथीच्या रोगाचा इशारा चालतो. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, हे सांगता येतं. का येणार नाही, आणि समोरच्या टॉवरच्या पोहायच्या तलावाला कसं येतं, हे सांगितलं की ती बातमी. बातमी म्हणजे राजकारण, राजकारण म्हणजे लायसन गेलं. असं नियमात शब्दशः लिहिलेलं नाही, पण केंद्रवाल्यांच्या पोटात ते कोरलेलं आहे. टीव्हीवर चोवीस तास धर्माच्या नावानं विष ओकायला परवानगी, आणि शंभर वॅटच्या रेडिओवर गटाराचं झाकण कुणी चोरलं ते सांगायला बंदी! कॉमन कॉज संस्थेनं २०१३ साली ह्या बंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली. सरकारनं उत्तरात देशाच्या सुरक्षेचं कारण काढलं. आमच्या मावशीच्या खिडकीनं देश धोक्यात येतो.

पण नियमाच्या आड किती लपायचं? १५ डिसेंबर २०१४ला मुंबई हायकोर्टानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की झोपडी बेकायदा असली, २००० नंतरची असली, तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ही वीज-पाण्याची सूचना नाही तर काय आहे? मार्च २०१४ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २० ऑक्टोबर २०२३ला ती रक्कम तीस लाख केली. ही आरोग्याची माहिती नाही? रोज सकाळी सातला, हवामानानंतर, एवढं एक वाक्य वाचलं तर कुठला नियम मोडतो? मोडत नाही. मोडते ती संस्थेची सवय. तिला वर्गणीदार सांभाळायचेत, सरकारी जाहिराती मिळवायच्यात. तासाला बारा मिनिटं जाहिरात करायची मुभा २०२४मध्ये मिळालीय, आधी सात होती. जाहिरात देणारं मोठं गिऱ्हाईक सरकारच. मग गटारात माणूस मेला हे बोलायचं कुणी? जुलै २०२१ला राज्यसभेत सामाजिक न्याय खात्याच्या राज्यमंत्र्यांनी उत्तर दिलं, हातानं मैला साफ करताना एकही मृत्यू नोंदलेला नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेले वेगळ्या रकान्यात. हे राज्यमंत्री कुठल्या चळवळीतून वर गेले, ते ह्या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि जात? वर्ष-दीड वर्षात मी एकदाही तो शब्द ऐकला नाही. कचऱ्यावर चर्चा, गटारावर चर्चा, बाळंतपणावर चर्चा, आणि जात नाही. कचरा कोण उचलतो ह्यावर तास घालवायचा आणि तोच का उचलतो हे विचारायचं नाही. ‘वंचित घटक’ म्हणतात. घटक! जणू रसायनशास्त्राचा तास चाललाय.

काही दोस्त म्हणतील, मोबाईलच्या जमान्यात रेडिओ कशाला, यूट्यूबवर टाक. टाकलंय. आपलं चॅनल आपल्याच पोरांनी बघितलं, ज्यांना आधीच पटलेलं होतं त्यांनी. शिवाय ते यंत्र कंपनीचं, आपण काय बोललो ते कुणाला दाखवायचं हे ठरवणारी ती. नि कामाच्या माणसाचे हात आणि डोळे बांधलेले असतात, कान मोकळे असतात. झाडू मारणारीला, शिलाई मशीनवर बसलेलीला, पोळ्या लाटणारीला व्हिडिओ बघायला वेळ नाही. तिला वाचता येत नसलं तरी चालतं, डेटा संपला तरी चालतं. म्हणून रेडिओ सोडून द्यायला मी तयार नाही.

बाबासाहेबांनी १९२०च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढला, तेव्हा ‘केसरी’नं त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापली नाही. बाबासाहेब ‘केसरी’च्या संपादकांना ‘जरा आम्हालाही बोलू द्या’ म्हणून विनवत बसले नाहीत. १९२७ला ‘बहिष्कृत भारत’ काढला. आपण मात्र शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या स्टुडिओत पाहुणे म्हणून जातो, चहा पितो, सेल्फी काढतो आणि कापून-छाटून उरलेली चाळीस सेकंदं ग्रुपवर फॉरवर्ड करतो.

आपल्याच बाया कुठं केंद्र चालवतात का? चालवतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर झहीराबाद लागतं. तिथं पस्तापूर-माचनूरच्या पट्ट्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघातल्या दलित बायकांनी संघम रेडिओ उभा केला. स्टुडिओ, यंत्रं, शिकलेल्या पोरी, सगळं नव्वदीच्या शेवटाला तयार होतं. लायसन नव्हतं. लायसन मिळून केंद्र हवेत गेलं १५ ऑक्टोबर २००८ला. दहाएक वर्षं ह्या बाया काय करत होत्या? कॅसेट भरत होत्या. ज्वारी-बाजरी-तुरीवर, बियाण्यावर, बाळंतपणाच्या औषधावर, आपल्या बोलीत, शुद्ध तेलुगूची फिकीर न करता. कॅसेट घेऊन गावोगावच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर वाजवायच्या, मग बसून भांडायच्या. सरकारनं हवा दिली नाही तर हवेशिवाय रेडिओ. मला त्यांचा हेवा वाटतो. आपण शहरातली शिकलेली पोरं, खिशात प्रत्येकाच्या टेपरेकॉर्डरपेक्षा शंभरपट चांगलं यंत्र, आणि आपण परवानगीची वाट बघतोय.

बोलिव्हियात तर कथिलाच्या खाणीतल्या कामगारांनी १९४०च्या दशकाच्या शेवटापासून स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून रेडिओ केंद्रं चालवली. खाणीतला अपघात, मालकाची बेइमानी, युनियनची सभा, सगळं त्यावर. १९८०च्या लष्करी बंडात फौजेनं त्या केंद्रांवर चाल केली. रुमाल धरा म्हणणाऱ्या रेडिओवर कुठल्या देशात फौज चालून गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

महाराष्ट्रातही एक जुनी पद्धत पडून आहे. १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, पुणे आकाशवाणीनं दीडशे गावांत श्रोता मंडळं केली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम. वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, ऐकून झालं की चर्चा, चर्चेतले प्रश्न केंद्राकडं परत. जगभर त्या प्रयोगाचं कौतुक झालं. ते गावच्या शेतकऱ्यांसाठी होतं, आणि गावचा शेतकरी म्हणजे कोण हे आपल्याला माहीत आहे. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. एकट्यानं ऐकलं की माणूस मान डोलावतो. वीस जणांत ऐकलं की त्यातली एखादी मावशी निघतेच.

आम्ही काही पोरांनी आमच्या वस्तीत हे सुरू केलंय. बुधवारी रात्री साडेआठला, बुद्धविहाराच्या ओट्यावर. आठवड्याचा आरोग्याचा नाहीतर कामाचा कार्यक्रम मोबाईलवर भरून ठेवायचा, स्पीकरवर लावायचा, आणि प्रत्येक सल्ल्याला थांबवायचं. सल्ला पाळायला काय लागतं, ते कुणाकडं आहे, आणि ते न देण्यावर सही कुणाची आहे. तीनच प्रश्न. उत्तरं रेकॉर्ड करायची, जसं बोललं तसं, ‘पानी’ तर ‘पानी’. ते दुसऱ्या वस्तीत जाऊन वाजवायचं. पुढारी आला तर खाली बसवायचं, माइक द्यायचा नाही. आपल्या लोकांना माइक दिसला की पाऊण तासाचं भाषण सुटतं, ही आपली जुनी खोड, ती ह्या कामात परवडणार नाही. पहिल्या बुधवारी सात माणसं होती, चौथ्याला तीसेक. त्यात बायका जास्त.

केंद्राकडंही दर आठवड्याला पत्र जातं, हातानं नेऊन पोच घेऊन. धोरणातलंच त्यांना वाचून दाखवतो. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, अशी अट आहे. मग सहभाग म्हणजे टाळ्या वाजवणं की कार्यक्रम ठरवणं? सल्लागार समिती असली पाहिजे, आणि २०२४च्या नियमांनुसार तिच्यात निम्म्या बायका. त्यांतली एक तरी सफाईचं काम करणारी आहे का? नावं भिंतीवर लावा. २००६च्या धोरणात प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायला सांगितलंय, सरकारनं मागितला तर दाखवायला. मग ज्याचा आवाज आहे त्यानं मागितला तर का नाही?

चार पत्रांना उत्तर आलेलं नाही. पाचव्या पत्राला फोन आला, स्टुडिओत या, बसून बोलू, चहा घेऊ. आम्ही कळवलंय की बुधवारी साडेआठला तुम्हीच ओट्यावर या, यंत्र घेऊन या, आणि डॉक्टरांना बरोबर आणा. मावशी खिडकी दाखवणार आहे.